झडप उघडतेय ना? कपड्यांच्या ड्रायरविषयी तुमची पत्रं

गेल्या वेळी वॉशिंग मशीनच्या रबरावर धरणाऱ्या बुरशीबद्दल लिहिताना मी ओघात म्हटलं होतं, की फिल्टर साफ केला म्हणजे ड्रायर साफ झाला असं समजू नका. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली, की या वेळचं सदर सगळं त्यालाच देते आहे.

ही यंत्रं मी तेवीस वर्षं उघडते आहे. कामाला लागले ती वडिलांच्या हाताखाली. गिऱ्हाइकाच्या दारात पोचलं की ते हत्यारांची पेटी खाली ठेवायचे आणि आधी घराला वळसा घालून मागे जायचे. ड्रायरची हवा भिंतीतून जिथे बाहेर पडते तिथली झडप बघायची, मगच यंत्राकडे वळायचं. मला तेव्हा वाटायचं, बाबा उगाच वेळ घालवतायत. आता मीही तेच करते.

प्रश्न : ताई, आमचा ड्रायर सात वर्षांचा आहे. नवा होता तेव्हा टॉवेलचा एक घाणा पाऊण तासात कोरडाठक व्हायचा. आता तोच घाणा दोनदा लावावा लागतो. फिल्टर मी प्रत्येक वेळी साफ करते, त्यात कधी चुकले नाही. मागच्या महिन्यात मेकॅनिकने हीटर बदलला, तरी फरक शून्य. आता नवाच घ्यावा का?
— जुळ्यांची आई

उत्तर : अजिबात घेऊ नका. हीटर बहुधा आधीचाही ठीकच होता. अडली आहे ती हवा.

पिळून निघालेल्या पाच किलो सुती कपड्यांत तीन लिटरच्या आसपास पाणी शिल्लक असतं. हीटर ते पाणी कपड्यांतून सोडवतो, पण घराबाहेर नेतो तो पंखा. पंख्याने ढकललेली हवा पाइपातून मोकळी सुटली नाही, तर तीच दमट हवा ड्रममध्ये घुटमळत राहते. अशा हवेत कपडे वाळत नाहीत, नुसते तापतात. तुम्ही लिहिलं नाहीत, पण टॉवेल बाहेर काढताना हाताला चटका बसेल इतके गरम आणि तरी काठांना ओलसर लागतात का, ते बघा. तसं असेल तर शंकाच नको.

फिल्टर तुम्ही नेमाने साफ करता हे फार चांगलं. पण कपड्यांतून सुटणारं सगळं लिंट, म्हणजे सुट्या तंतूंचा कापूस, त्या जाळीत अडकत नाही. बारीक तंतू जाळीतून निसटतात आणि ओल्या हवेबरोबर पाइपात शिरतात. वळणावर थबकतात, जोडाशी डोकावणाऱ्या स्क्रूच्या टोकाला अडकतात, आणि एकदा काही तंतू अडकले की मागून येणारे त्यांना बिलगतात. पाइप थंड जागेतून जात असेल तर आत पाणी धरतं, लिंटचा लगदा होतो आणि तो वाळला की पुठ्ठ्यासारखा कडक बसतो. मी असे थर उकलून काढलेत, की त्यांच्यावर पाइपाच्या वळ्या जशाच्या तशा उमटलेल्या होत्या. चार इंची पाइपात हवेला दोन बोटांची वाट उरलेली. त्या घरातही फिल्टर अगदी स्वच्छ होता.

आधी बाहेर जा. ड्रायर चालू असताना झडप पूर्ण उघडलेली हवी आणि समोर धरलेल्या तळहाताला गरम हवेचा चांगला जोर लागला पाहिजे. झडप अर्धवट फडफडत असेल किंवा मिटलेलीच असेल, तर अडथळा आहे. तो कुठे आहे ते शोधायला, ड्रायर विजेवरचा असेल तरच, पुढची परीक्षा करा. गॅसवरच्या ड्रायरला ही परीक्षा कधीही करायची नाही. प्लग काढा, ड्रायर पुढे ओढा, मागचा पाइप सोडवा. पुन्हा प्लग लावून रिकामा ड्रायर दोन-तीन मिनिटं फिरवा. मागच्या तोंडातून हवा जोरात येत असेल तर पाइप तुंबलाय. तिथेही हवा मलूल असेल तर लिंट यंत्राच्या पोटातच साठलंय. ते काम पत्रा उघडून करायचं असतं, त्यासाठी माणूस बोलवा.

पाइप मात्र तुम्ही घरी साफ करू शकता. प्लग काढलेलाच ठेवा. एकमेकांत आट्याने बसणाऱ्या लवचिक काड्या आणि पुढे गोल ब्रश, असा संच मिळतो. पाइप आखूड असेल तर हातानेच पुढे-मागे करत न्या. लांब असेल तर काड्या ड्रिलला लावतात. तसं कराल तेव्हा ड्रिल सुलट्या दिशेनेच फिरवायचं, आत ढकलतानाही आणि बाहेर ओढतानाही. उलटं फिरवलं की आटे सुटतात आणि ब्रश भिंतीच्या आत राहून जातो. लोकांचे असे राहिलेले ब्रश काढायला मला दोनदा भिंत फोडावी लागली आहे. निघालेलं लिंट व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या, झडपेच्या बिजागरीला चिकटलेलं बोटांनी काढा. ड्रायरच्या मागे, खाली आणि फिल्टरच्या खाचेतही व्हॅक्यूमची अरुंद नळी फिरवा. त्या खाचेत किती निघतं ते पाहून तुम्ही चकित व्हाल. सगळं जोडलं, की उष्णता बंद ठेवून नुसत्या हवेवर दहा-पंधरा मिनिटं चालवा, म्हणजे सुटं राहिलेलं उडून जाईल. मग पुन्हा बाहेर जाऊन झडप बघा.

फिल्टरबद्दलही एक सांगते. कपडे मऊ करणारे सुगंधी कागद तुम्ही ड्रायरमध्ये टाकत असाल तर त्यांचा मेणचट थर जाळीवर बसतो. डोळ्यांना दिसत नाही. जाळी नळाखाली धरा. पाणी खाली न जाता तळ्यासारखं साचलं, तर हवाही तशीच अडते आहे. कोमट साबणपाणी आणि जुना मऊ ब्रश घेऊन धुवा, पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका. तोच थर ड्रमच्या आतल्या दोन चकचकीत धातूच्या पट्ट्यांवरही बसतो. कपडे ओले आहेत की कोरडे हे ड्रायरला त्या पट्ट्यांवरून कळतं. थोड्या स्पिरिटने त्या पुसून घ्या.

आणि पाइप साफ झाल्यावर पहिला टॉवेलचा घाणा किती मिनिटांत वाळला, तो आकडा तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून ड्रायरच्या बाजूला चिकटवा. वर्षभराने पुन्हा मोजा. मिनिटं वाढलेली दिसली की ब्रश काढायचा. तुमच्याकडे दोन लहान मुलं, म्हणजे कपडे रोज. घरात कुत्रं-मांजर असेल किंवा पाइप लांब असेल तर वर्षाची वाट न बघता सहा महिन्यांनीच.

प्रश्न : महोदया, बाहेरच्या झडपेत चिमण्या घरटं करतात म्हणून मी तोंडावर बारीक जाळी पक्की बसवली आहे. आपले मत कळवावे.
— एक सेवानिवृत्त वाचक

उत्तर : काका, जाळी आजच काढा. डास अडवणारी जाळी लिंटही अडवते, आणि ड्रायरच्या तोंडावर ती काही आठवड्यांतच लिंटने मढते. बांधकामाच्या नियमावल्यांत ड्रायरच्या तोंडावर जाळी नको असं मुद्दाम लिहिलेलं असतं ते याचसाठी. पक्षी आत शिरतात कारण झडप नीट मिटत नाही. तिच्या कडेला लिंटचा गोळा अडकलाय, बिजागरी गंजलीय किंवा पाती तुटलीय, यांतलं काहीतरी असतं. ती बदला. हवा थांबली की आपोआप पूर्ण मिटणारी झडप असली तर चिमणीला जागाच मिळत नाही.

आत घरटं असेल आणि त्यात पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत ड्रायर लावू नका. थोडे दिवस दोरीवर वाळवा. नंतर काड्या, पिसं सगळं काढून पाइप घासून घ्या.

प्रश्न : आम्ही घर बांधतोय. धुण्याची जागा घराच्या मधोमध आली आहे, कुठलीच बाहेरची भिंत जवळ नाही. पाइप छतातून फिरवून मागच्या बाजूला काढू असं कंत्राटदार म्हणतो. चालेल ना?
— नव्या घराच्या गडबडीतली

उत्तर : अजून भिंती उभ्या राहिल्या नसतील तर आधी जागा बदलता येते का ते बघा. ड्रायर बाहेरच्या भिंतीला लागून ठेवण्याइतकी सोपी सुरक्षितता दुसरी नाही.

जागा बदलणं शक्यच नसेल तर हिशोब करा. अमेरिकेत घरांसाठी जी आदर्श बांधकाम संहिता वापरतात, तिच्यात ड्रायरच्या चार इंची पाइपाची लांबी जास्तीत जास्त ३५ फूट धरली आहे, म्हणजे साडेदहा मीटरच्या थोडं वर. आणि प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातून ५ फूट वजा करायचे, ४५ अंशांच्या वळणामागे अडीच. तुमचा पाइप छतात चढणार, तिथे वळणार, मागच्या भिंतीशी पुन्हा खाली येऊन बाहेर वळणार. ही चार काटकोनी वळणं झाली. ३५ मधून २० गेले, उरले १५ फूट. घराच्या मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंत पंधरा फुटांत तुम्ही पोचता का? तुमच्या ड्रायरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा, कारण तो त्या पंख्याच्या ताकदीनुसार दिलेला असतो.

कंत्राटदाराला आणखी सांगा : पाइप आतून गुळगुळीत, कडक पत्र्याचा हवा. पन्हाळीदार लवचिक नळी भिंतीत किंवा छतात गाडायची नाही, ती फक्त ड्रायर ते भिंत एवढ्या वीतभर अंतरासाठी. प्लॅस्टिकची तर कुठेच नको. तिच्या प्रत्येक वळीत लिंट बसतं आणि पेट घेतला तर नळीही त्याच्याबरोबर जळते. एका पाइपाचं तोंड पुढच्या पाइपात हवेच्या दिशेने शिरलेलं हवं, म्हणजे जोडावर आडवी कड येत नाही. स्क्रूची टोकं आत तीन मिलिमीटरहून जास्त आलेली नकोत. जोडांवर अॅल्युमिनियमची टेप लावा. कापडी टेपचा गोंद उष्णतेने सुकून ती सुटते. आणि छतात साफसफाईसाठी एक उघडता येणारं झाकण ठेवा. हे झाकण नसल्यामुळे दर वर्षी छत उचकटणारी घरं मी पाहिली आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही चार मित्र एकत्र राहतो. आमच्या ड्रायरचा थर्मल फ्यूज दोनदा गेला. दुसऱ्यांदा ओळखीच्या एकाने वायर जोडून तो डायरेक्ट करून दिला. म्हणाला, हे फ्यूज असेच कमजोर असतात. दीड महिना मस्त चाललंय. तरी विचारतो.
— एक विद्यार्थी

उत्तर : विचारलंस ते फार बरं केलंस. हे वाचून होताच ड्रायरचा प्लग काढ आणि नवा फ्यूज बसेपर्यंत लावू नकोस.

ड्रायरमध्ये उष्णता सांभाळणारे राखणदार एकामागे एक उभे केलेले असतात. पहिला थर्मोस्टॅट हवा ठरलेल्या मर्यादेपर्यंत तापली की हीटर बंद करतो, थोडी निवली की चालू करतो. दिवसभर त्याचं तेच काम. त्याच्या मागे हीटरजवळ दुसरा, जास्त उष्णतेवर तोडणारा. आणि सगळ्यात शेवटी हा फ्यूज. आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, पण एका नेहमीच्या रचनेत पहिला ६८ अंश सेल्सिअसच्या आसपास काम करतो आणि फ्यूज ९१ अंशांना जातो. तो एकदा गेला की पुन्हा जुळत नाही. मुद्दामच तसा केलाय, म्हणजे कोणीतरी थांबून विचारावं, की एवढं तापलं कशाने?

तुमच्याकडे फ्यूज दोनदा गेला, म्हणजे ड्रायरने दोनदा तोच प्रश्न विचारला. आणि उत्तर पाइपात आहे, मला जवळजवळ खात्री आहे. चार जणांचे कपडे, पाइप कधी साफ केल्याचं तुझ्या पत्रात नाही.

मी हे कडकपणे लिहितेय त्याला कारण आहे. कामाला लागून तीनेक वर्षं झाली असतील. एका घरी संध्याकाळी गेले, फ्यूज गेला होता, माझ्याकडे नवा नव्हता. बाळाचे कपडे वाळवायचे होते, त्या बाई अगदी काकुळतीला आल्या होत्या. मी वायर जोडली आणि म्हटलं, फक्त आजची रात्र, उद्या सकाळी फ्यूज घेऊन येते. सकाळी गेले तेव्हा खोलीत करपल्याचा वास होता. उघडून पाहिलं तर पंख्याचं प्लॅस्टिकचं चाक एका बाजूने वितळून तिरकं झालेलं आणि त्याच्याभोवतीचं लिंट बिस्किटासारखं तपकिरी. पेटलं नव्हतं. बाळ शेजारच्या खोलीत झोपलेलं होतं. मी त्या बाईंना सगळं खरं सांगितलं, चाक माझ्या खर्चाने बदललं आणि पाइप साफ करून दिला. बाबांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, नुसते बराच वेळ गप्प बसले. त्यानंतर आजवर मी एकही फ्यूज डायरेक्ट केलेला नाही, कोणी कितीही अजीजी केली तरी.

त्या ओळखीच्या माणसावर चिडू नकोस, पण त्याने आणखी कुणाकडे असं केलं असेल तर त्या घरांनाही सांगायला लाव.

एका पत्राबद्दल. ‘ड्रायर लावला की धुण्याच्या खोलीत माझं डोकं दुखतं, बाहेर आले की थांबतं,’ एवढंच एका वाचक भगिनींनी लिहिलं होतं आणि ड्रायर गॅसवरचा असल्याचा जाता जाता उल्लेख होता. त्या पत्राला मी अंकाची वाट पाहिली नाही, खाली दिलेल्या नंबरवर त्याच दिवशी फोन केला. गॅसच्या ड्रायरमध्ये ज्योत असते आणि तिचे वायूही याच पाइपातून बाहेर जातात. पाइप तुंबला किंवा मागून निसटला तर ते घरात पसरतात, त्यांत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर, आणि बाहेरच्या हवेत गेलं की बरं वाटणं, ही त्याची ओळख. असं झालं तर खिडक्या उघडत, यंत्र तपासत बसू नका. घरातल्या सगळ्यांना, पाळीव प्राण्यांनाही घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून मदत बोलवा. गॅसचा ड्रायर ज्यांच्याकडे आहे त्यांनी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या खोल्यांजवळ लावलाच पाहिजे, आणि ड्रायर पुढे-मागे सरकवला की मागचा जोड टॉर्च मारून बघायचा. त्या भगिनींच्या घरी पाइप मागून पूर्ण सुटलेला निघाला. आता त्या ठीक आहेत.

प्रश्न : आमच्या भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही. ड्रायरचा पाइप खोलीतच सोडलाय, लिंट उडू नये म्हणून तोंडाला जुना मोजा बांधलाय. हिवाळ्यात खोली छान उबदार राहते. काही हरकत?
— भाडेकरू

उत्तर : हरकत आहे. ते तीन लिटर पाणी आता तुमच्या खोलीच्या भिंतींत, कपाटामागे, गाद्यांत मुरतंय. काळे ठिपके दिसायला लागले असतील. शिवाय मोजा भरत आला की हवा अडते आणि तुम्ही स्वतःच्या हाताने तुंबलेला पाइप तयार केलेला असतो. घरमालक ऐकत नसतील तर पाइपाची गरजच नसलेला ड्रायर घ्या, कंडेन्सरचा किंवा हीट पंपचा. तोवर मोजा सोडा आणि कपडे दोरीवर वाळत घाला.

प्रश्न : आमचा हीट पंपचा ड्रायर आहे. त्याला पाइप नाही, म्हणजे ही सगळी कटकट आम्हाला नाही, बरोबर?
— निश्चिंत

उत्तर : पाइपाची नाही, लिंटची आहेच. तुमच्या ड्रायरमध्ये हवा बाहेर न जाता आतल्या आतच फिरते. ओली हवा थंड पत्र्यांवरून जाते, पाणी गळून टाकीत पडतं, हवा पुन्हा तापून ड्रममध्ये येते. फिल्टरमधून सुटलेलं लिंट त्या पत्र्यांवर ओलं होऊन चिकटतं. खाली पुढच्या बाजूला एक छोटं दार असतं, ते उघडून बघा. पातळ पत्र्यांची ओळ दिसेल. तिच्यावर राखाडी चादर दिसली तर व्हॅक्यूमला मऊ केसांचा ब्रश लावून पत्र्यांच्या दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने ओढा. आडवा हात मारलात तर पत्रे वाकतात, आणि ते धारदारही असतात, हातमोजे घाला. काही मॉडेल हे पत्रे स्वतःच पाण्याने धुतात, तुमचं तसं आहे का ते पुस्तिकेत पाहा. साध्या कंडेन्सरच्या ड्रायरमध्ये तो अख्खा ठोकळाच बाहेर निघतो आणि नळाखाली धुता येतो. तुमच्याकडे फिल्टरही दुहेरी असेल. दोन्ही पाती उघडून साफ करा, बरेच जण आतली विसरतात.

प्रश्न : मी घरीच मालिशचं काम करते. रोज दहा-बारा टॉवेल निघतात. गेल्या आठवड्यात ड्रायरमधून काढून टोपलीत रचलेले टॉवेल तासाभराने हाताला आधीपेक्षा जास्त गरम लागले. ड्रायर तर केव्हाच बंद झाला होता. माझा भास असेल का?
— एक मालिशकर्ती

उत्तर : भास नव्हता. तुमचं लक्ष गेलं म्हणून तुम्ही वाचलात, असंच मी म्हणेन.

वनस्पतींपासून काढलेली तेलं हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावतात आणि त्यात उष्णता सुटते. एक टॉवेल दोरीवर पसरलेला असेल तर ती उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. पण तेच टॉवेल आधीच तापलेले, एकावर एक रचलेले असले तर आतली उष्णता बाहेर पडू शकत नाही. उष्णतेने संयोग वाढतो, त्याने आणखी उष्णता. काडी, ठिणगी काही न लागता ढीग आतून धुमसायला लागतो, आणि हे ड्रायर बंद होऊन काही तासांनीही होऊ शकतं. एका धुण्यात सगळं तेल जात नाही, हीच यातली मेख आहे.

तुमच्यासाठी म्हणून सांगते. मालिशचे टॉवेल वेगळे धुवा, गरम पाण्यात, साबण जास्त घालून, आणि दोनदा. वाळवण्याआधी नाकाशी धरा. तेलाचा वास आला तर तो टॉवेल ड्रायरमध्ये जाणार नाही, दोरीवर जाईल. जे ड्रायरमध्ये घालाल त्यांचा शेवटचा थंड करण्याचा टप्पा पुरा होऊ द्या. घाई झाली म्हणून मध्येच बंद करून गरम टॉवेल तसेच आत किंवा टोपलीत ठेवू नका. काढले की सुटे पसरा. तुमच्या धंद्यात खरं तर सगळेच टॉवेल दोरीवर वाळवले तर मला जास्त शांत झोप लागेल. लाकडाला जवसाचं तेल लावलेली फडकी, पेट्रोल किंवा थिनर लागलेले कपडे, फोमच्या उश्या, रबराचं अस्तर असलेली पायपुसणी यांना ड्रायरचं दार कायमचं बंद.

प्रश्न : बाई, मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. नातू रात्री ड्रायर लावतो आणि झोपून जातो. मला त्या घुर्र आवाजाने झोप लागत नाही आणि काळजीही वाटते. तो म्हणतो, आजी, आता यंत्रं हुशार असतात, तू झोप. मी उगाच घाबरते का? आणि खरंच धूर दिसला तर दार उघडून पाणी ओतायचं का?
— एक आजी

उत्तर : आजी, तुम्ही उगाच घाबरत नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा आढावा घेतला होता. घरांमध्ये ड्रायरमुळे वर्षाला अंदाजे २,९०० आगी लागत होत्या आणि कारणांत सगळ्यात वर होतं साफसफाई न करणं, ३४ टक्के. त्या घरांतली यंत्रंही कुणाला तरी हुशारच वाटत असतील. घरातली माणसं झोपलेली असताना किंवा घराला कुलूप असताना ड्रायर चालू ठेवायचा नाही, हे नातवाला माझ्या नावाने सांगा. संध्याकाळी लवकर लावला तर त्याचं काही बिघडत नाही.

धूर दिसला तर दार उघडायचं नाही. बंद ड्रममध्ये हवा संपत आली की आग आपोआप मंदावते. दार उघडलं की तिला ताजी हवा मिळते आणि ज्वाळा तुमच्या अंगावर येते. विजेच्या यंत्रावर पाणी तर मुळीच नको. सहज हात पोचत असेल तर बटण बंद करा, मुख्य स्विच जवळ असेल तर तो पाडा, नाहीतर तेही नको. खोलीचं दार ओढून घ्या, सगळ्यांना हाका मारत बाहेर पडा आणि बाहेरून अग्निशमन दलाला फोन करा. कपडे गेले तर जाऊ द्या.

नातवाला या रविवारी हे पान वाचायला द्या. ड्रायर चालू करायला लावा आणि तुम्ही दोघं मिळून घराच्या मागे जा. तुम्ही खुर्ची घेऊन बसा, त्याला हात समोर धरायला सांगा. झडप पूर्ण उघडतेय का आणि हवेला जोर किती आहे, ते मला पुढच्या पत्रात लिहा. अर्धवट उघडत असेल तर ब्रश कुठल्या मापाचा घ्यायचा ते मी उलट टपाली कळवते.